ओल कोणाची, भुर्दंड कोणाला?

परवा नागपूरहून नातीचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे गोळाभाताला तेल किती लागतं, नाहीतर सर्दीवर काढा कसला करायचा, असल्या चौकशीचा. यावेळी आवाज जरा वेगळा होता. म्हणाली, "आजी, तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचीस ना? मग सांग, भिंतीला बुरशी आली तर ती कोणाची? मालकाची की भाडेकरूची?"

मी आधी हसले. मग तिनं सगळं सांगितलं तेव्हा हसू आवरलं.

झालं असं होतं. ती नागपुरात एका फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होती. अकरा महिन्यांचा एक करार, तो संपल्यावर दुसरा. म्हणजे एकूण बावीस महिने, त्यात दोन पावसाळे. भाडं महिन्याला ९,००० रुपये आणि अनामत २७,०००. एप्रिलअखेर तिनं घर सोडलं. आठवडाभरानं मालकांनी हिशोब पाठवला: बुरशी काढणे ४,०००, वॉटरप्रूफिंग ६,५००, रंगकाम ४,०००. एकूण १४,५०० रुपये अनामतीतून कापले, उरलेले १२,५०० खात्यात जमा. त्या पैशांवर तिच्या पुढच्या परीक्षेचं शुल्क आणि नव्या खोलीची अनामत अवलंबून होती. पोरगी रडकुंडीला आली होती.

"जाऊ दे का आजी? मोठ्या माणसाशी कुठं भांडू?" असं ती म्हणाली आणि मला एकदम १९७५ साल आठवलं.

तेव्हा मी नवीन नवीन शिक्षिका. चिमूरजवळच्या एका खेड्यात शाळा, आणि राहायला एक खोली, भाडं बारा रुपये. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढं सपरी, मागं सांदवाडी. ज्यांनी आमच्या भागातली झड पाहिली नाही त्यांना ओल म्हणजे काय ते कळायचं नाही. पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. धानाला ते अमृत, पण घराची पार दैना होते. मीठ पाझरतं, वह्यांची पानं एकमेकांना चिकटतात आणि चपलेवर हिरवी लव चढते.

आमच्याकडे एक रिवाज होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. वरचं मालकाचं, खालचं राहणाऱ्याचं. म्हणजे मृगाआधी कवेलू फेरायचे, फुटके बदलायचे, हे मालकानं करायचं. सारवण आणि भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा, हे भाडेकरूनं. मी माझं काम नेमानं केलं. मालकांनी त्या वर्षी कवेलू फेरले नाहीत. काकाजींना दोनदा सांगितलं, "काकाजी, मागच्या भिंतीवर पाणी उतरते." ते म्हणाले, "पाहू." पुढं माझी बदली झाली. सामान काढताना लोखंडी पेटी सरकवली तर मागची भिंत काळीकुट्ट. सात्या उगवायच्या तेवढ्या बाकी होत्या! काकूंनी ते पाहिलं आणि भिंत खराब केली म्हणून चाळीस रुपये मागितले. तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त.

मी दिले. एकटी बाई, परकं गाव, मास्तरीणबाई भांडखोर आहेत असं नाव व्हायला नको, म्हणून मुकाट्यानं दिले. आणि दुसऱ्या गावी जाऊन फळ्यावर "हक्क आणि कर्तव्ये" हा धडा शिकवायला उभी राहिले.

मंडळी, चिमूर म्हटलं की लोकांना १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. केवढा मोठा हक्क मागणारं हे गाव! आणि त्याच गावची मी, चाळीस रुपयांचा साधा प्रश्न विचारू शकले नाही. म्हणून नातीला म्हटलं, "जाऊ देऊ नकोस. मला दोन दिवस दे." माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात वकिली करतो. त्याच्याकडून कायद्यांची पानं मागवली आणि भिंग घेऊन वाचत बसले. जे सापडलं ते इतकं रंजक निघालं की इथं लिहिल्याशिवाय राहवेना.

गोष्ट सुरू होते १ जुलै १८८२ पासून. तारीख बघा, ऐन पावसाळ्याची! त्या एकाच दिवशी इंग्रज सरकारचे दोन कायदे अमलात आले. एक मालमत्ता हस्तांतरणाचा, दुसरा सुविधाधिकाराचा. पहिल्यात भाडेपट्टा म्हणजे काय ते आहे. दुसऱ्यात, कलम ५२ मध्ये, लायसन्स म्हणजे काय ते आहे. भाडेपट्ट्यानं घरावर राहणाऱ्याचा काही हक्क निर्माण होतो. लायसन्सनं तसा हक्क होत नाही, ती फक्त वापरायची परवानगी. आज महाराष्ट्रात ज्याला सगळे "लीव्ह अँड लायसन्स" म्हणतात त्याचं मूळ हे.

आणि गंमत म्हणजे हे दोन्ही कायदे मुंबई इलाख्याला सुरुवातीला लागू नव्हते. सुविधाधिकाराचा तिथं १८९१ मध्ये गेला आणि मालमत्ता हस्तांतरणाचा १८९३ मध्ये. आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि मध्य प्रांताला दोन्ही पहिल्या दिवसापासून लागू होते. म्हणजे या बाबतीत चांदा मुंबईच्या पुढं! (मुंबईकर नातेवाईकांनी कृपया नोंद घ्यावी.)

पहिल्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांचे हक्क आणि कर्तव्यं ओळीनं दिली आहेत. त्याची सुरुवात वाचून मी थबकलेच. त्याचा अर्थ असा की, करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही नसेल तर पुढील नियम लागू. स्थानिक रिवाज! म्हणजे आमचं "वरचं मालकाचं, खालचं राहणाऱ्याचं" हे नुसतं बायाबापड्यांचं बोलणं नव्हतं. असल्या रिवाजाला कायद्यानं पहिल्याच ओळीत पाट मांडून ठेवला होता. मी मात्र कधी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही.

पुढं दोन गोष्टी आहेत. एक, जी दुरुस्ती मालकानं करायला हवी ती सूचना देऊनही त्यानं वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूनं स्वतः करावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून वळता करावा. दुसरी, भाडेकरूनं घर घेतलं तशाच स्थितीत परत करावं, पण वापरानं होणारी वाजवी झीज आणि अनावर शक्तीनं झालेले बदल सोडून. मालकाला अधूनमधून येऊन घर पाहायचा अधिकार आहे. दोष दिसला तर त्यानं तशी सूचना द्यावी. तो दोष भाडेकरूच्या कृतीनं किंवा हयगयीनं झाला असेल, तर सूचनेपासून तीन महिन्यांत भाडेकरूनं तो दुरुस्त करून द्यावा.

म्हणजे क्रम पाहा. आधी पाहणी, मग सूचना, मग कारणाचा शोध, आणि त्यानंतर कोणी भरायचं ते. एकशे चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांना ठाऊक होतं की भिंतीवरच्या डागावर कोणाचंच नाव लिहिलेलं नसतं. ते कारण शोधून लिहावं लागतं.

मग अकरा महिने कुठून आले? तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानं एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. लोकांनी बारातला एक महिना कमी केला आणि नोंदणीचा खर्च वाचवला. आपली माणसं हुशार, दुसरं काय!

पुढं युद्धं आली. पहिल्या महायुद्धात शहरांत घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या युद्धानंतर आपल्याकडे, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, १९४६ चा कायदा आला आणि त्याखाली १९४९ चा प्रसिद्ध "रेंट कंट्रोल ऑर्डर". नागपूरच्या जुन्या माणसांना विचारा, अजून नाव काढतात. तेव्हा नागपूर राजधानीचं शहर. घर रिकामं झालं की मालकानं सरकारला कळवायचं आणि सरकार ते कोणाला द्यायचं ते ठरवायचं. भाडेकरूला काढण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी हवी. ती मिळण्याची जी कारणं होती त्यांत एक असं होतं की घराची अत्यावश्यक दुरुस्ती करायची आहे आणि भाडेकरू आत असताना ती होऊ शकत नाही. म्हणजे "घर दुरुस्त करायचंय" हे वाक्य मालकाच्या तोंडी आलं की भाडेकरूच्या पोटात गोळा येणारच. दुरुस्ती मागणाराच दुरुस्तीला घाबरायचा.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण घरभाड्याचे कायदे तीनच्या तीन राहिले. पश्चिम महाराष्ट्राला मुंबईचा १९४७ चा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५४ चा आणि विदर्भाला आपला १९४९ चा ऑर्डर. एक राज्य, एक भाषा, पण गळक्या छताचे नियम तीन!

या नियंत्रणाचा फायदा मोठा होता. गरिबाला कोणी उद्या रस्त्यावर काढू शकत नव्हतं. पण भाडी गोठली आणि खर्च वाढत गेला. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात गच्ची कुठून दुरुस्त करू? भाडेकरू म्हणे, घर तुमचं, मी का करू? दोघांच्या वादात भिंती मात्र भिजत राहिल्या. मुंबईत तर जुन्या इमारती पडायला लागल्या. तेव्हा १९६९ मध्ये खास कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि त्यासाठी इमारतींवर उपकर बसवावा लागला. पुढं म्हाडाच्या १९७६ च्या कायद्यानं ते काम म्हाडाकडे गेलं. ओल कोणाची, या प्रश्नाला सरकारनं दिलेलं हे एक उत्तर होतं: थोडी थोडी सगळ्यांची.

मालकांनीही वाट शोधली. भाडेकरू नको, लायसन्सी बरा. १८८२ चा तो दुसरा कायदा असा उपयोगी पडला. मुंबईच्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सनं राहत होते त्यांना भाडेकरू मानलं गेलं. पुन्हा मालक सावध झाले. ही लपाछपी चालू राहिली.

शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून तिन्ही जुने कायदे एकदम गेले. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या. कलम १४ म्हणतं की वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मग अकरा महिन्यांची ती जुनी युक्ती इथं चालत नाही. आणि कलम ५६ नं मालकाला अनामत किंवा तशी रक्कम उघडपणे घ्यायला मोकळीक दिली. त्याआधी मुंबईत पागडी हा गुन्हा होता, तरी सगळे घ्यायचे.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. मला वाटतं सगळी मेख इथं आहे. १९७५ मध्ये काकूंना माझ्याकडे पैसे मागावे लागले. मी नाही म्हटलं असतं तर पुढचं पाऊल त्यांना टाकावं लागलं असतं. आज पैसे आधीच मालकाच्या हातात असतात. त्यानं मागायचं नसतं, नुसतं कापायचं असतं. मागायची पाळी भाडेकरूवर येते. भिंतीचा नियम १८८२ पासून फारसा बदललेला नाही. बदललं आहे ते एवढंच, की गप्प बसण्याचा फायदा आता कोणाला होतो.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये एक आदर्श भाडेकरार कायदा तयार केला आहे. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच ठेवली आहे. दुरुस्तीची यादीही दिली आहे: भिंतींचा चुना-रंग, नळाच्या पाइपलाइन, विजेचं वायरिंग हे मालकाकडे, आणि नळाचे वायसर, मोरीची सफाई असलं भाडेकरूकडे. पण तो नमुना आहे. राज्य स्वीकारील तेव्हाच लागू व्हायचा.

आता नातीकडे येऊ. तिचा करार लीव्ह अँड लायसन्सचा. वकील म्हणाला, "बाई, कलम १४ भाडेकरूसाठी आहे, लायसन्सीला ते सरळ लावता येणार नाही. करारात काय लिहिलंय ते बघा." करार वाचला. त्यात होतं की किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्यानं, मोठी मालकानं, आणि घर "नेहमीची झीज वगळता" आहे त्या स्थितीत परत करावं. म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या कागदात १८८२ चं तेच वाक्य जिवंत होतं!

मग तिला म्हटलं, फोटो पाठव, आणि खरं खरं सांग, तुझ्याकडून काय चुकलं. मालकाच्या चुकांची यादी आपण करूच, आधी आपली करू.

बुरशी दोन ठिकाणी होती. एक, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर. त्याबद्दल तिनं पहिल्या वर्षी ऑगस्टमध्येच मालकांना फोटोसह निरोप पाठवला होता. उत्तर होतं, "पाऊस थांबला की बघतो." (काकाजींचं "पाहू" आठवलं.) घर सोडताना, एप्रिलच्या शेवटी, तिनं त्याच भिंतीचा फोटो काढला होता आणि ती ओलीच होती. आता तुम्हीच सांगा, एप्रिलमधल्या नागपूरच्या उन्हात, जिथं कुंडीतलं पाणी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, तिथं जी भिंत ओली राहते ती पावसानंही भिजत नाही आणि हयगयीनंही नाही. तिच्या आत पाइप गळतो आहे. कूलरचं म्हणाल तर तो हॉलच्या खिडकीत, पार दुसऱ्या टोकाला.

दुसरी जागा झोपायच्या खोलीतला कोपरा. तो एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत होता, नुसते जुने काळे डाग. तिनं कबूल केलं की पावसाळाभर ती तिथं दोरी बांधून कपडे वाळवायची आणि डासांमुळे खिडकी बंद ठेवायची. ही ओल तिची.

मग आजी-नातीनं फोनवर हिशोब मांडला. वॉटरप्रूफिंगचे ६,५०० पूर्ण मालकांचे. इमारत त्यांची, पाइप त्यांचा, आणि त्याचा फायदा पुढची वीस वर्षं त्यांनाच. बुरशी काढायचे ४,०००, दोन जागा, अर्धे तिचे: २,०००. रंगाचे ४,०००, अर्धे म्हणजे २,०००, पण बावीस महिन्यांत रंग जुना होतोच, म्हणून त्याचेही अर्धे: १,०००. एकूण तिच्याकडे ३,०००. परत मिळायला हवेत ११,५००.

पत्र तिनंच लिहिलं. मी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. सुरुवात "आदरणीय काका" अशी कर, आणि पहिल्या परिच्छेदात स्वतःचे ३,००० मान्य कर. ऑगस्टचा निरोप, एप्रिलचा फोटो आणि कराराचं ते कलम सोबत जोडलं. कोर्टाचा उल्लेखही नाही.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी काकांचाच फोन आला. आधी चिडले होते. ते निवृत्त गृहस्थ, फंडाच्या पैशातून घेतलेला फ्लॅट, त्यांनाही प्लंबरनं बिल लावलं होतं. पण मग म्हणाले, "बेटा, कपड्यांचं तू स्वतःहून लिहिलंस, म्हणून बाकीचं पटलं." पंधरा दिवसांत ११,५०० जमा झाले.

नात खूश. म्हणाली, "आजी, तुझे चाळीस रुपये वसूल!" मी म्हटलं, नाही ग. ते वसूल व्हायचे नाहीत, आणि आता काकाजी-काकूही नाहीत. त्यांनी लबाडी केली असंही मला वाटत नाही. भिंत काळी दिसली, त्यांनी मागितले. मी कारण सांगितलं नाही, त्यांना कळलं नाही. एवढंच.

असो. पण गोष्ट इथं संपत नाही. आमच्या चिमूरच्या घराच्या मागच्या दोन खोल्या गेल्या वर्षीपासून एका तरुण शिक्षकाला भाड्यानं दिल्या आहेत. कागद काही केलेला नव्हता, ओळखीतला मुलगा म्हणून. हे सगळं वाचून झाल्यावर मी काठी घेऊन मागं गेले आणि म्हटलं, "सर, जरा कपाट सरकवा बरं." त्यानं संकोचत सरकवलं. मागं सज्जाखालून उतरलेली काळी रेघ होती, जमिनीपर्यंत.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"मागच्या झडीपासून, मॅडम. तुम्हाला कसं सांगावं म्हणून..."

गवंड्याला सोमवारी बोलावलं आहे. पैसे मी देणार आहे. आणि त्याच दिवशी कागदही करून घेणार आहे, दोन प्रतींत.